क्रीटला निघालेलं गाठोडं

ज्या कुणी शहाण्यानं पोलिसाला सांगितलं की अक्का परदेशी गेल्या, तो अजून पुढे आलेला नाही. गल्लीत विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात आणि विषय पावसावर जातो. मला त्याचं नाव नको, माफी नको. त्याला समोर बसवून एवढंच विचारायचंय की बाबा, धुळं परदेशात कधी गेलं?

पण हे झालं शेवटचं. आमच्या स्टाफरूममधल्या किश्शांची हीच पंचाईत आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या दारात गाड्या लागतात ना, तसे ते एकाला एक चिकटून उभे असतात. मधली गाडी काढायला जावं तर पुढच्या चार बैलांना उठवावं लागतं. तेव्हा पुढच्या गाडीपासूनच सुरू करतो.

* * *

आमच्या जळगावच्या कॉलेजात बोरसे सर इतिहास शिकवतात. मी राज्यशास्त्र शिकवतो. त्यांची नोकरी संपत आलीय, माझी आत्ता सुरू झालीय.

सरांचं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे क्रीट. ग्रीसच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रातलं बेट. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथं राजवाडे होते आणि राजवाड्यांच्या भिंतींवर चित्रं. त्यातलं एक छापील चित्र सरांकडे आहे: उधळलेला बैल, आणि त्याच्या पाठीवर कोलांटी मारणारा तरुण. सर वीस वर्षं वर्गात सांगत आले की तरुण शिंगं धरतो, बैल मान वर झटकतो, तरुण हवेत उडतो आणि बैलाच्या मागे उतरतो.

वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं शंका काढली नाही. निम्मे विद्यार्थी शेतकऱ्यांचे होते, हे विशेष. पुस्तकात छापलं की आमच्याकडे बैलसुद्धा पुस्तकाप्रमाणे वागतो.

शंका काढली ती सरांच्या बायकोनं. त्यांना सगळे अक्का म्हणतात. भडगावकडच्या शेतकरी घरातल्या, शिक्षण मराठी सातवी. एका दुपारी मेथी निवडता निवडता त्यांनी टेबलावरचं ते चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "हा पोरगा मरेल."

सरांनी कारण विचारलं. अक्कांचं म्हणणं असं की बैल मान सरळ वर उचलतच नाही, तिरपी झटकतो. शिंगं धरणारा पाठीवर जाणार नाही, बाजूच्या कुंपणात जाईल. त्यांचा एक चुलतभाऊ तसाच गेला होता. कुंपण बोरीचं होतं.

सर माणूस प्रामाणिक. त्यांनी हे सगळं, चुलतभावासकट, इंग्रजीत लिहून क्रीटच्या म्युझियमला धाडलं. आठ महिन्यांनी एका म्हाताऱ्या संशोधकाचं हातानं लिहिलेलं उत्तर आलं. सरांनी ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. तुमच्या पत्नीचं बरोबर आहे, मी तीस वर्षं हेच सांगतोय, पण माझ्या सहकाऱ्यांपैकी कुणी कधी बैल पाळलेला नाही. बाईंना घेऊन या. माझ्या घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत. याच वर्षी या, मी एकोणऐंशीचा आहे.

पत्र संपल्यावर भूगोलाचे वाणी सर म्हणाले, "म्हणजे निमंत्रण वहिनींना आहे. तुम्ही सोबत."

* * *

इथं एक सांगायला हवं. सर दरवर्षी पोरांची बस भरून अजिंठ्याला नेतात. जळगावहून अजिंठा ते काय लांब! पण सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी अक्कांना एकदाही अजिंठा दाखवलेला नाही. मी एकदा तोंडावर विचारलं. सर म्हणाले, जवळच तर आहे, कधीही जाता येईल.

त्यामुळे क्रीटचं पत्र घरी वाचलं गेलं तेव्हा सरांना वाटलं, अक्का हसून सोडून देतील. अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सव्वीस वर्षं या घरात बोलतेय. पहिल्यांदा कुणीतरी 'बरोबर' म्हणालं, तेही समुद्रापलीकडून. मी जाणार."

त्या दिवसापासून सर वर्गातही जरा हळू बोलायला लागले.

* * *

विरोध फक्त माझा होता, आणि तो तात्त्विक होता. ग्रीसमध्ये तेव्हा लष्कराचं राज्य. लोकशाही मानणाऱ्या माणसानं अशा देशात पाऊल ठेवावं का, यावर मी चार पानी टिपण लिहिलं आणि सरांच्या घरी जाऊन मोठ्यानं वाचलं. सर अस्वस्थ झाले. अक्कांनी भाकरी थापत थापत सगळं ऐकून घेतलं.

"तिथले बैलसुद्धा लष्करात आहेत का रे?"

मी म्हटलं, नाही.

"मग ताटावर बस."

शेवभाजी होती. माझं टिपण अजून त्यांच्याकडेच आहे. डब्याखाली घालायला कागद जाड लागतो.

* * *

पासपोर्टचे अर्ज मुंबईला गेले. जायचं ठरलं दिवाळीच्या सुट्टीत. पण जोशीबुवांनी पंचांग उघडलं आणि सांगितलं की लांबच्या प्रवासाला ज्येष्ठात एक उत्तम मुहूर्त आहे, त्यानंतर चातुर्मास संपेपर्यंत काही नाही. म्हणजे मुहूर्त ज्येष्ठात आणि प्रवास दिवाळीत.

मला वाटलं, आता तरी पंचांग मिटेल. पण आपल्या पूर्वजांनी सगळ्याची सोय केलेली आहे. मुहूर्तावर निघता येत नसेल तर प्रस्थान ठेवायचं! म्हणजे प्रवासाचं एक गाठोडं बांधायचं आणि ते मुहूर्तावर, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. माणूस मागाहून सवडीनं जातो.

याचे नियम अक्कांना तोंडपाठ होते. ज्या वस्तूवाचून प्रवास अडेल ती गाठोड्यात घालायची. निघणारा येऊन मिळेपर्यंत दहा दिवसांवर ते एका जागी ठेवायचं नाही, पुढे सरकवायचं. सरकवायचं ते पुढेच, मागे एक पाऊलही आणायचं नाही. सोडायचं ते निघणाऱ्यानंच. आणि त्यानं एकदा ते वाटेत हातात घेतलं की जिथं जायचं ते पाहिल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडायचा नाही.

मी म्हटलं, "अक्का, माणूस चंद्रावर जाऊन आला."

"त्याच्या बायकोनं ठेवलं असेल," अक्का म्हणाल्या.

* * *

प्रश्न दिशेचा आला. जोशीबुवा म्हणाले पश्चिम. वाणी सरांनी कॉलेजातला पृथ्वीगोल मागवला, जळगाव ते क्रीट दोरा ताणला आणि जाहीर केलं की वायव्य. म्हणजे गाठोडं चोपड्याच्या बाजूला जायला हवं. जोशीबुवा म्हणाले, चोपड्याच्या पुढे सातपुडा आहे, गाठोडं डोंगरात कोण घेऊन जाणार? पश्चिमेला पारोळा आहे, धुळं आहे, एस.टी. आहे.

तेवढ्यात वाणी सरांना आणखी सुचलं. बोटीनं गेलात तर सुएझ बंद आहे, बोट आफ्रिकेला वळसा घालते. म्हणजे मुंबईहून आधी दक्षिणेला.

दक्षिण म्हटल्यावर जोशीबुवांनी पंचांगच मिटलं. ती यमाची दिशा. अक्कांनी तिथल्या तिथं निकाल दिला: विमान आणि पश्चिम.

दोन एम. ए. आणि एक पुरोहित, सबंध दुपार, एका गाठोड्यासाठी. तिसरा एम. ए. मी. दोऱ्याचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच.

* * *

पहिला मुक्काम पश्चिमेच्या शेजारी, पारसमलशेठच्या कापडाच्या दुकानात. शेठचे आजोबा मारवाडातून आलेले; प्रस्थान ही गोष्ट त्यांना कुणी समजवावी लागली नाही. त्यांनी गाठोडं गादीशेजारच्या उंच फळीवर ठेवलं. गिऱ्हाईक विचारी, हे काय? शेठ सांगत, परदेशी चाललंय.

चौथ्या दिवशी गिऱ्हाइकं पाया पडायला लागली. आठव्या दिवशी गाठोड्यापुढे दोन नारळ आणि एक हार होता. दहाव्या दिवशी गाठोडं हलवायला आम्ही गेलो, तर शेठचा चेहरा उतरला. म्हणाले, "सर, दिवाळीपर्यंत इथंच राहू द्या. दुकान चांगलं चाललंय."

मग एरंडोलला सरांचा एक जुना विद्यार्थी, मग पारोळ्याला अक्कांची मावसबहीण. माणसं जळगावात आणि गाठोडं दहा दहा दिवसांनी क्रीटच्या दिशेनं.

* * *

पारोळ्याहून ते धुळ्याला न्यायची पाळी आली तेव्हा सरांच्या परीक्षा होत्या. माझे आईवडील धुळ्याला, आणि त्याच दिवशी तिथल्या वाचनालयात माझं व्याख्यान होतं. विषय: 'रूढींच्या बेड्या आणि आजचा तरुण'. सर म्हणाले, जाताच आहात तर घेऊन जा. मी नाही म्हणणार होतो. पण अक्कांनी मागितलं नाही, नुसतं बघितलं.

पारोळ्याच्या स्टँडवरून मी गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. गाडी मैलभर गेली आणि कंडक्टरच्या लक्षात आलं की टपालाची थैली स्टँडवरच राहिली. ड्रायव्हरनं गाडी वळवायला घेतली, पारोळ्याकडे, म्हणजे पूर्वेला.

मी उभा राहिलो. माझ्याच तोंडून शब्द आले, "थांबवा. मला उतरू द्या."

ड्रायव्हरनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं, तंबाखूची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि गाडी थांबवली. मी उतरलो. एका निंबाच्या बुडाशी गाठोडं छातीशी धरून पाऊण तास उभा राहिलो. गाडी परत आली, मी चढलो. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वाचनालयात संयोजकांना वाटलं, गाठोड्यात व्याख्यानाचे संदर्भग्रंथ आहेत. त्यांनी ते आदरानं टेबलावर ठेवलं आणि दीपप्रज्वलनानंतर त्याच्यावर चार फुलंही वाहिली. रूढींवर मी तासभर आसूड ओढले. टाळ्या चांगल्या पडल्या. एका म्हाताऱ्यानं पुढे येऊन विचारलं, "पण हे तुम्ही सोडलंच नाही?"

मी म्हटलं, ते निघणाऱ्यानंच सोडायचं असतं.

* * *

श्रावणात मुंबईहून पासपोर्ट कचेरीचं पत्र आलं. सरांच्या अर्जात काही खोट नाही. गोदावरीबाई बोरसे यांच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा मूळ दाखला ताबडतोब पाठवावा, नाहीतर अर्ज निकाली काढण्यात येईल.

सरांनी कपाट उपसलं. ट्रंक उपसली. अक्का शांतपणे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दाखला गाठोड्यात आहे."

सर खाली बसले.

"तुम्हीच म्हणालात, दाखल्यावाचून पासपोर्ट नाही आणि पासपोर्टवाचून प्रवास नाही. ज्याच्यावाचून अडेल ते गाठोड्यात घालायचं असतं."

यात चूक काढता येत असेल तर काढा. मी रात्रभर प्रयत्न केला. राज्यशास्त्रात यावर उत्तर नाही.

दुसरी प्रत मिळेना. अक्कांच्या शाळेचं जुनं दप्तर गिरणेच्या पुरात गेलेलं. मी म्हटलं, आईला पत्र टाकतो, ती गाठोडं सोडेल. अक्का म्हणाल्या, निघणाऱ्यानंच सोडायचं. मी म्हटलं, मग मी ते परत आणतो. आणि हे म्हणता म्हणताच मला तो निंब आठवला.

मग अक्का एकदम सोपं बोलल्या. "मग मी निघते."

त्या खरंच निघाल्या. सोमवारी सकाळी, दिवाळीच्या तीन महिने आधी. सबंध गल्ली दारात उभी. शेजारणींनी ओट्या भरल्या, पारसमलशेठनं दुकानातलं उत्तम लुगडं दिलं. अक्का एस.टी.नं धुळ्याला माझ्या आईकडे गेल्या, हातपाय धुऊन गाठोडं सोडलं, दाखला काढून रजिस्टर पोस्टानं मुंबईला धाडला, गाठोडं पुन्हा बांधलं. आणि तिथंच राहिल्या. क्रीट पाहिल्याशिवाय घरी जायचं नव्हतं ना!

सरांचं काय? जोशीबुवांनी सांगितलं, नोकरदार माणसाला दोष नाही. आपला धर्म सरकारी रजेचे नियम इतके चांगले पाळतो, हे मला माहीत नव्हतं.

* * *

दर रविवारी सर धुळ्याला येत. आईच्या घरी ओसरीवर दोघं बसत. आई सांगते, सव्वीस वर्षांचं जोडपं लग्न ठरल्यासारखं बोलायचं. सर अक्कांना नकाशावर राजवाडा समजावून सांगत आणि अक्का राजवाड्यात बैल बांधायची जागा कुठं, हे विचारत. सरांना ती माहीत नव्हती. पुढच्या रविवारी ते शोधून येत.

मधल्या दिवसांत पत्रं. सरांच्या पाकिटावर पत्ता असे: 'सौ. गोदावरीबाई बोरसे, मुक्काम धुळे, क्रीटच्या वाटेवर.' पोस्टमननं एकदाही पाकीट परत नेलं नाही.

एकदा आईनं अक्कांना विचारलं, पासपोर्ट नाहीच आला तर? अक्कांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. म्हणाल्या, "मग तुमच्याकडे एक खोली कायमची द्या. मी परत गेले तर ते पुन्हा म्हणतील, कधीही जाता येईल."

* * *

आता तो पोलीस. पासपोर्टची चौकशी म्हणून जळगावच्या पत्त्यावर कुणी शिपाई गेला. सर कॉलेजात, घराला कुलूप. त्यानं गल्लीत विचारलं आणि त्या अनामिक शहाण्यानं छातीठोक सांगितलं, "अक्का? त्या क्रीटला गेल्या. आम्हीच तर वाटे लावलं."

शिपायानं लिहून घेतलं. अर्जदार पासपोर्टविना परदेशात.

दाखल्याच्या रजिस्टर पाकिटावर धुळ्याचा पत्ता होता; आठवड्यानं तिथं आईच्या दारात एक वयस्कर हवालदार उभा. मीही घरी होतो. त्यानं कागद वाचला. गोदावरीबाई बोरसे आपणच का? आपण परवानगीशिवाय देश सोडल्याचं कळतं.

"कुठं गेले म्हणे?" अक्कांनी विचारलं.

हवालदारानं कागद डोळ्यांजवळ नेला. "क्रीट."

"अजून धुळ्यापर्यंतच पोचलेय."

मी पुढे झालो. मूलभूत हक्कांपासून सुरुवात केली. हवालदारानं हातानंच मला थांबवलं आणि अक्कांना विचारलं, मग घरी का राहत नाही? अक्कांनी सगळं सांगितलं. मुहूर्त, गाठोडं, दाखला, उंबरा. मी डोळे मिटून घेतले. हा जबाब मुंबईच्या कचेरीत वाचला जाणार!

हवालदारानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "गाठोडं सुती आहे ना?"

"सुती."

"मग ठीक. रेशमी पाचच दिवस टिकतं."

मग त्यानं पाणी मागितलं, गाठोड्याला हात जोडले आणि आईच्या ओसरीवर बसून अहवाल लिहिला. मी तो त्याच्या खांद्यावरून वाचला. 'अर्जदार मूळ पत्त्यावर राहत नाहीत, कारण त्या निघालेल्या आहेत. वर्तणूक चांगली.'

मी म्हटलं, याच्यावर पासपोर्ट मिळणार नाही, लिहून देतो.

आश्विनात दोन्ही पासपोर्ट आले.

* * *

दिवाळी झाली. सर ट्रंक घेऊन जळगावहून आले. आईनं दोघांच्या हातावर दही घातलं. आम्ही सगळे धुळ्याच्या स्टँडवर गेलो. गाडी नाशिकची, तिथून मुंबई, तिथून विमान. अक्का खिडकीशी बसल्या, मांडीवर गाठोडं. सर शेजारी, हातात दोन्ही पासपोर्ट. पाच महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी हात हलवायला तयार राहिलो.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडीचं तोंड फलाटाकडे, म्हणजे पश्चिमेला होतं. इंजिन गुरगुरलं आणि गाडी मागे यायला लागली. सरळ मागे. पूर्वेला. अक्कांसकट, गाठोड्यासकट.

मी धावलो. दोन्ही हातांनी पत्र्यावर थापा मारत ओरडलो, "थांबवा! मागे नका घेऊ, गाडी मागे नका घेऊ!"

सगळा स्टँड बघायला लागला. गाडी थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली. पारोळ्याचाच तो. माझ्याकडे पाहिलं, वरच्या खिडकीतल्या गाठोड्याकडे पाहिलं, तंबाखूची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

"सर," तो म्हणाला, "गाडी मांगे लेवाशिवाय पुढे कशी जाई?"